पाळण्यातले नाव आणि हजेरीपटातले लिंग

मूल जन्मास आले म्हणजे मराठी भाषा त्याला काही दिवसांची एक सवलत देते. ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी, ‘बाळ’ हाही नपुंसकलिंगी. ते रडते, ते हसते, ते दूध पिते. मग बाराव्या दिवशी आत्या पाळण्यापाशी वाकते, बाळाच्या कानात ‘कुर्र’ करते आणि ही सवलत संपुष्टात येते. पुढे आयुष्यभर त्याला ‘तो’ होऊन जगावे लागते किंवा ‘ती’ होऊन. नामकरण हा केवळ हाक मारण्याच्या सोयीचा विधी नव्हे. तो व्याकरणाचाही विधी आहे, आणि व्याकरणाच्या आडून समाजव्यवस्थेचाही. म्हणूनच एखाद्या आईबापांनी मुलीला किंवा मुलाला असे एखादे नाव दिले, की ज्यावरून तो की ती हे कळू नये, तर आजूबाजूची मंडळी अस्वस्थ होतात. या अस्वस्थतेचा थोडा हिशेब मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

निमित्त घडले ते असे. आमच्या महाविद्यालयातील एका तरुण प्राध्यापक दांपत्याने आपल्या मुलीचे नाव ‘मोहोर’ ठेवले. बारशाचे पेढे शिक्षककक्षात आले आणि पेढ्यांपेक्षा नावाचीच चव मंडळींनी अधिक वेळ घोळविली. मराठीच्या प्राध्यापकांनी पहिली हरकत घेतली ती लिंगाची: आंब्याला मोहोर ‘आला’ असे आपण म्हणतो, ‘आली’ असे म्हणत नाही, तेव्हा पुल्लिंगी नाम मुलीला कसे? कार्यालयातील लेखनिकांनी अधिक व्यावहारिक शंका काढली: ‘मोहोर’ लिहावयाचे की ‘मोहर’, आणि कोणी ऐकण्यात चूक करून ‘मोहोळ’ लिहिले तर ते निस्तरावयाचे कोणी? निवृत्तीला आलेल्या एका ज्येष्ठ बाईंना चिंता वाटली ती निराळीच. मोहोर गळतो, असे त्या म्हणाल्या. बहुतेक मोहोर गळतोच आणि थोड्याचाच आंबा होतो, हे खरे आहे; परंतु त्या न्यायाने ‘पुष्पा’ आणि ‘कुसुम’ ही नावेही टाकावी लागतील, कारण न गळणारे फूल अद्याप कोणी पाहिलेले नाही. शेवटी एकाने विचारले, “मुलगा झाला असता तर काय ठेवले असते?” आईने उत्तर दिले, “हेच.” या उत्तराने मात्र कक्षात क्षणभर शांतता पसरली. मुलीला पुल्लिंगी नाव दिले हे सर्वांनी थोडे कुरकुरत का होईना पचविले होते; तेच नाव मुलालाही चालले असते, ही गोष्ट काही घशाखाली उतरेना. या शांततेकडे मी पुढे वळणार आहे.

(नावासंबंधी लिहिताना शेक्सपियरचे ते सुप्रसिद्ध वचन उद्धृत करण्याचा प्रघात आहे. तो मी मोडते आहे. नावात बरेच काही असते, असेच माझे मत आहे.)

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. स्त्रीपुरुषांना समान चालणारे नाव ही काही आजकालची, परदेशांतून आयात झालेली टूम नाही. आपल्या डोळ्यांसमोरची नावे पाहा. किरण बेदी आणि किरण मोरे. कादंबरीकार सुहास शिरवळकर आणि अभिनेत्री सुहास जोशी. आपल्या संसदेत मधु दंडवते व मधु लिमये गाजले आणि दिल्लीत मधु किश्वर यांनी स्त्रियांच्या प्रश्नांना वाहिलेले नियतकालिक चालविले. आपल्या मराठीत कमल देसाई ही लेखिका, तमिळ चित्रपटांत कमल हासन हा नट. इंग्रजीत लिहिणाऱ्या शशी देशपांडे या कादंबरीकार आणि शशी थरूर हे खासदार. कोल्हापूर-सांगलीकडे जैन कुटुंबांतून ‘शीतल’ हे मुलाचे नाव सर्रास आढळते, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ. पुण्या-मुंबईकडे तेच नाव मुलीचे समजले जाते. माझ्या एका विद्यार्थ्याचे नाव शीतल होते. एका स्पर्धा परीक्षेच्या केंद्रावर त्याची बैठक मुलींच्या दालनात लागली होती. ते दालन बदलून घेण्यात त्याची पहिली वीस मिनिटे गेली. अर्जात लिंगाचा रकाना होता, तो त्याने बिनचूक भरला होता. परंतु बैठकव्यवस्था करणाऱ्याने रकाना न पाहता नाव पाहिले. दोष येथे नावाचा म्हणावा काय?

आणखी मागे गेलो तर ‘कृष्ण’ हा देव आणि ‘कृष्णा’ ही द्रौपदी. आमच्या बोलीत मात्र देवालाही हाक ‘कृष्णा’ अशीच. वाईच्या घाटावर वाहणारी कृष्णा, ती तिसरी. ज्या समाजाने ज्ञानेश्वरांसारख्या पुरुषाला सातशे वर्षे ‘माउली’ म्हणून हाक मारली आणि पंढरीच्या विठ्ठलाला ‘विठाई’ केले, त्या समाजाला नावातील लिंगाची एवढी धास्ती वाटावी, हे मोठे नवल आहे. खेड्यापाड्यांतून तर ‘बाळू’, ‘सोनू’, ‘दगडू’ अशी कितीतरी नावे दोन्हीकडे चालत. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा ते लिहिणारी व्यक्ती कोण याविषयी वाचकांत केवढी चर्चा माजली होती. त्या लेखिकेचे माहेरचे नाव बाळूताई खरे, हे आज किती जणांना ठाऊक आहे?

अर्थात परंपरेचा दुसराही प्रवाह आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. गृह्यसूत्रांनी मुलाचे नाव समसंख्य अक्षरांचे आणि मुलीचे विषमसंख्य अक्षरांचे, आकारान्त असावे असा दंडक घातला. त्या हिशेबाने ‘मोहोर’ तीन अक्षरी, म्हणजे मुलीला अर्धे तरी शास्त्रसंमत ठरते! मनुस्मृतीने तर नावातून लिंगच नव्हे, वर्णही ओळखता यावा अशी सोय केली: ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असे तेथे सांगितले आहे. नाव हे समाजाने माणसावर मारलेला शिक्का असते, ही गोष्ट त्या स्मृतिकारांना आपल्यापेक्षा अधिक स्पष्टपणे समजली होती. तो शिक्का पुसून टाकण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर. सिद्धार्थ, मिलिंद, गौतम, प्रज्ञा ही नावे त्यानंतर ज्या घरांत रुजली, त्या घरांनी नावाचा अर्थ केवळ ऐकण्यात गोड लागतो म्हणून निवडला नव्हता. तो एक हक्क होता आणि तो नामकरणातून बजावला गेला.

शिखांची रीत या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे गुरुग्रंथसाहिब उघडून येणाऱ्या वचनाच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठरते, आणि ते नाव मुलामुलींना समान असते. भेद ‘सिंह’ आणि ‘कौर’ यांनी दर्शविला जातो. २०२४ साली पॅरिस येथे हॉकीत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय पुरुष संघाचा कर्णधार हरमनप्रीत सिंह, आणि २०२५ साली नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार हरमनप्रीत कौर. दोघांच्या नावांनी कोणाचा घोटाळा झाल्याचे ऐकिवात नाही.

आता परदेशांकडे वळू, कारण तेथे हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला आहे. जर्मनीत दीर्घकाळ असा संकेत होता, की नावावरून मुलाचे लिंग उघड झाले पाहिजे. नाव संदिग्ध असेल तर त्याला जोडून दुसरे असंदिग्ध नाव द्यावे लागे. एका आईबापांनी आपल्या मुलीसाठी नाव निवडले ते आपले चिरपरिचित ‘किरण’. नोंदणी अधिकाऱ्यांनी ते एकटे नोंदविण्यास नकार दिला, खालच्या न्यायालयांनी तो उचलून धरला, आणि प्रकरण थेट संघीय संविधान न्यायालयासमोर गेले. डिसेंबर २००८ मध्ये त्या न्यायालयाने निकाल दिला, की नाव लिंगदर्शक असलेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच आईबापांचा नाव ठेवण्याचा अधिकार मर्यादित करता येईल. आमच्याकडे दर दुसऱ्या आळीत सापडणाऱ्या नावाने जर्मन कायदेपंडितांना एवढे कामाला लावावे, ही गंमतच आहे.

आइसलंडमधील प्रकरण अधिक करुण म्हणावे लागेल. तेथे मुलांच्या आणि मुलींच्या नावांच्या सरकारमान्य याद्या निरनिराळ्या होत्या. एका आईने मुलीचे नाव ठेवले ‘ब्लायर’, म्हणजे वाऱ्याची झुळूक. हा शब्द त्या भाषेत पुल्लिंगी, म्हणून नाव अमान्य झाले. परिणामी ती मुलगी पंधरा वर्षांची होईपर्यंत सरकारी दप्तरात तिच्या नावाच्या जागी नुसते ‘मुलगी’ असे लिहिलेले होते. २०१३ मध्ये न्यायालयाने तिला तिचे नाव दिले, आणि २०१९ च्या कायद्याने नावांवरील लिंगाचे बंधनच काढून टाकले. आमच्या मराठीच्या प्राध्यापकांची हरकत आणि आइसलंडच्या नामसमितीची हरकत शब्दशः एकच होती, हे त्यांच्या निदर्शनास आणून देण्याचा मोह मला आवरला नाही. इटलीत ‘आंद्रेआ’ हे नाव पुरुषांचेच समजत. २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मुलींनाही मोकळे केले. फ्रान्समध्ये तर १८०३ च्या कायद्याने पंचांगातील किंवा प्राचीन इतिहासातील नावेच ठेवण्याची सक्ती केली होती. तिचे शेवटचे अवशेष १९९३ मध्ये गेले.

या पार्श्वभूमीवर आपला कायदा पाहिला तर तो फारच उदार वाटतो. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम नाव कसे असावे याविषयी चकार शब्द काढत नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तर ते वर्षभरात विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. सरकार विचारीत नाही. विचारतात ते शेजारी, नातलग, शिक्षक आणि लेखनिक. कायदा जेथे मौन पाळतो तेथे समाज अधिक मोठ्याने बोलतो, आणि त्या बोलण्याची किंमत कोण मोजतो हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

अर्थशास्त्रात आम्ही अशा व्यवहारांना एक विशेष स्थान देतो, ज्यांत निर्णय एकाचा असतो आणि खर्च दुसऱ्यावर पडतो. कारखानदार धूर सोडतो, खोकतो तो शेजारी. नाव ठेवणे हा असाच व्यवहार आहे. हौस आईबापांची, आणि पुढील सत्तर-ऐंशी वर्षे प्रत्येक खिडकीपाशी ‘काय म्हणालात? पुन्हा सांगा’ हे ऐकावयाचे मुलाने. म्हणून ‘आमचे मूल, आम्ही काहीही नाव ठेवू’ हा युक्तिवाद मला पटत नाही. आगळ्या नावाला आणखीही एक दोष चिकटतो. फ्रेड हर्श यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काही वस्तूंचे असे वर्णन केले, की त्यांचे मोल त्या इतरांजवळ नसण्यावरच अवलंबून असते. टेकडीवरील एकुलते एक घर घ्या. दुसरे घर झाले की पहिल्याची शान गेली. केवळ आगळेपणासाठी निवडलेले नाव अशाच जातीचे असते. दहा वर्षांनी वर्गात चार ‘मोहोर’ झाल्या, तर आगळेपणापायी भरलेली किंमत बुडाली असे समजावे. नावात आगळेपणाखेरीज आणखी काही असेल, तरच ते टिकेल.

समान नावांच्या बाबतीत स्टॅन्ली लीबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील १९१६ ते १९८९ या काळातील जन्मनोंदी त्यांनी तपासल्या. त्यांना आढळले, की स्त्रीपुरुषांसाठी समान चालणारी नावे एवढ्या दीर्घ काळातही फारशी वाढली नाहीत आणि जी आली ती स्थिर राहिली नाहीत. एखादे मुलाचे नाव मुलींना दिले जाऊ लागले, की मुलांचे आईबाप हळूहळू त्या नावापासून दूर होतात, आणि काही वर्षांत ते नाव पुरते मुलींचे होऊन बसते. ‘लेस्ली’ आणि ‘ॲश्ली’ ही नावे अमेरिकेत अशाच मार्गाने गेली. २००५ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे थॉमस शेलिंग यांनी शहरांतील वस्त्या कशा विभागल्या जातात याचे जे विवेचन केले होते, तेच येथे नावांना लागू पडते: कोणाच्याही मनात दुष्टावा नसताना, केवळ प्रत्येकाच्या थोड्याशा संकोचातून संपूर्ण वस्ती एकरंगी होते. आमच्याकडे ‘सुमन’ आणि ‘कमल’ या नावांचे असेच झाले. उत्तरेत ही नावे पुरुषांना अजून चालतात; महाराष्ट्रात आज मुलाचे नाव सुमन ठेवणारा बाप मला दाखवावा.

आता शिक्षककक्षातील त्या शांततेचा अर्थ लागतो. मुलीला मुलाचे नाव देणे याला आपण पुरोगामीपणा म्हणतो, कधी कौतुकाने ‘मुलगाच आहे तो आमचा’ असेही म्हणतो. मुलाला मुलीचे वाटणारे नाव देणे याला मात्र आपण चेष्टा म्हणतो. डेव्हिड फिग्लिओ या अर्थशास्त्रज्ञांनी फ्लोरिडातील शाळांच्या नोंदींवरून २००७ मध्ये दाखविले, की ज्या मुलांची नावे बहुतांशी मुलींना दिली जातात, ती मुले वरच्या वर्गांत गेली की शिस्तभंगाच्या तक्रारींत अधिक सापडू लागतात. चिडविणे हा मुलांच्या जगातील कर आहे आणि तो कोणावर बसवावा हे मुलांना मोठ्यांनीच शिकविलेले असते. एका दिशेने जिना चढणे आणि दुसऱ्या दिशेने उतरणे, असे जोवर आपण मानतो, तोवर ‘समान’ नाव हे खऱ्या अर्थाने समान नसते. ते मुलाकडून मुलीने उसने घेतलेले असते. म्हणूनच त्या आईचे ‘हेच’ हे एका शब्दाचे उत्तर मला त्या संपूर्ण चर्चेत सर्वांत मोलाचे वाटले.

तथापि या नावाकडून भलत्या अपेक्षा ठेवणे हे भाबडेपणाचे ठरेल. काही उत्साही मंडळी म्हणतात, की नावावरून लिंग कळले नाही तर मुलीवर होणारा अन्याय टळेल. मराठीत तरी हे अशक्य आहे. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, सर्वनामालाही नाही. तेथे एखादी व्यक्ती संपूर्ण कथाभर वाचकापासून लपून राहू शकते. मराठीत ‘मोहोर’ नंतर दुसरा शब्द ‘आला’ की ‘आली’ असा येतो आणि गुपित फुटते. (कोल्हापूरकडील मुली ‘मी येतो’ म्हणतात, तो अपवाद आहे.) शिवाय आपण ‘ताई’, ‘राव’, ‘बाई’, ‘पंत’ अशी शेपटे जोडतोच. अर्जावर छायाचित्र असते, आधारपत्रावर लिंग असते. आणि नावाचा पहिला भाग लपवून आडनावाचे काय करणार? बर्ट्रंड आणि मुल्लयनाथन यांनी बॉस्टन व शिकागो येथे सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठवून २००४ मध्ये दाखविले, की तीच पात्रता असताना गोऱ्यांच्या वाटणाऱ्या नावांना काळ्यांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट बोलावणी येतात. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून असाच प्रयोग केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दलित आणि मुस्लिम नावांच्या उमेदवारांना उत्तर येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांच्या मानाने कमी आढळली. नाव वाचणाऱ्याच्या मनात जे आहे ते नाव बदलल्याने जात नाही.

किंबहुना नावांच्या बाबतीत आपल्या स्त्रियांवर जो खरा अन्याय झाला तो अगदी निराळ्या जागी आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, प्रामुख्याने उत्तरेकडील राज्यांतून, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गाळावी लागली. त्यांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकुशी’ अशा नावाच्या पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलगी नको असताना झाली, एवढे सांगण्यासाठी दिलेले ते नाव लिंगदर्शक होते यात शंका नाही. त्याहून अधिक असंदिग्ध लिंगदर्शक नाव कोणते असू शकेल? त्या मुली ते नाव घेऊन शाळेत जात होत्या, आणि हजेरी घेताना कोणी तरी रोज ते मोठ्याने वाचीत होते.

आणि मधल्या सुसंस्कृत घरांचे काय? ताटातील तांदळांत अंगठीने नवे नाव लिहावयाचे आणि वीस-पंचवीस वर्षे जगलेली एक व्यक्ती त्या तांदळांखाली पुरून टाकावयाची, हा विधी आपण हौसेने करीत आलो. यमुनेची आनंदी जोशी झाली, दुसऱ्या यमुनेची रमा रानडे झाली. त्या दोघींनी नव्या नावांना कीर्ती मिळवून दिली. बाकीच्या असंख्य यमुनांची नोंद नाही. माझ्या आईचे माहेरचे नाव नदीचे होते, सासरी ते देवीचे झाले. शाळा सोडल्याचा दाखला नदीच्या नावाचा, शिधापत्रिका देवीच्या नावाची. वडिलांच्या पश्चात निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी ती ‘या दोन्ही एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र घेऊन एका कार्यालयात सात वेळा गेली. सातव्या खेपेस तेथील गृहस्थांनी तिला विचारले, “मग तुमचे खरे नाव कोणते?” तिला उत्तर देता आले नाही. आगळ्या नावाने मुलीला त्रास होईल म्हणून हळहळणाऱ्यांनी या त्रासाचा विचार कधी केल्याचे मला स्मरत नाही.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव, त्यानंतर वडिलांचे नाव आणि मग आडनाव अशी नोंद शासकीय दस्तऐवजांत अनिवार्य केली. ‘मोहोर’पेक्षा हा बदल कितीतरी अधिक दूरगामी आहे, पण त्यावर आमच्या शिक्षककक्षात पाच मिनिटेही चर्चा झाली नव्हती.

मग या नावाविषयी माझे मत काय? ते चांगले नाव आहे. मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ते तोंडात बसते, कागदावर देवनागरीत नीट उतरते, आणि माघातल्या सकाळी कोकणातल्या कुठल्याही वाडीत त्याचा वास येतो. हल्ली जी नावे आढळतात त्यांपैकी पुष्कळांना हे सांगता येणार नाही. दोन अक्षरे कशीबशी जुळवावयाची, मग त्याचा संस्कृतात अर्थ ‘विष्णूचे तेज’ असा आहे म्हणून दडपून सांगावयाचे, आणि कोशात पाहावे तर शब्दच नाही! अशा नावापेक्षा आंब्याचा मोहोर शतपटींनी बरा. पुल्लिंगी नाम मुलीला लागले म्हणून भाषा बाटत नाही. ‘किरण’ही पुल्लिंगीच आहे. मी एवढेच पाहीन, की ते हास्यास्पद नसावे, उच्चारावयास अवघड नसावे आणि मुलाला मोठेपणी लाज वाटेल अशी आईबापांची एखादी राजकीय वा चित्रपटीय हौस त्यात नसावी. या तिन्ही कसोट्यांना ‘मोहोर’ उतरते.

उरतो तो खर्चाचा प्रश्न, आणि तो खर्च किती यावा हे आपल्या, म्हणजे हे पान वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या, हातात आहे. नाव लिहून घेणारे हात आपलेच आहेत. मागल्या पिढ्यांतील गुरुजींनी शाळेत नाव दाखल करताना किती ‘धोंड्यां’चे ‘धोंडीराम’ केले, किती जणांच्या आडनावांच्या वेलांट्या बदलल्या आणि अख्ख्या गावाचा जन्म १ जून रोजी झाल्याचे कसे नोंदविले, याच्या कथा आपण हसत सांगतो. आता हसण्यावारी नेण्यासारखी स्थिती राहिलेली नाही. २०२३ च्या दुरुस्तीनुसार, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून मतदारयादी आणि सरकारी नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा आहे. त्या दाखल्यात ‘मोहोर’चे ‘मोहर’ झाले, किंवा लेखनिकाने आपल्या समजुतीप्रमाणे शेवटी काना देऊन ‘मोहोरा’ केले, तर ते निस्तरण्यास पुढे राजपत्रापर्यंत धावावे लागेल. जे सांगितले तेच लिहावे, लिहिलेले वाचून दाखवावे, आणि लिंगासाठी लिंगाचा रकाना पाहावा. वर्गात नाव पुकारताना भुवया उंचावू नयेत. आगळे नाव शिक्षकाने पहिल्या दिवशी सहजपणे उच्चारले, तर दुसऱ्या दिवशी मुलांना त्यात चिडविण्यासारखे काही उरत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

गुणपत्रिकांवर आणि संगणकातून निघणाऱ्या याद्यांवर नावाआधी ‘कुमार’ वा ‘कुमारी’ छापण्याची जी सक्ती काही ठिकाणी अद्याप चालते, तीही काढून टाकण्यास हरकत नसावी; गुण वाचण्यासाठी तिची गरज पडत नाही. ज्यांना नावाआधी काही तरी हवेच असते, त्यांच्यासाठी आपल्या जुन्या पत्रलेखनात ‘चि.’ आहे. ते मुलालाही लागते आणि मुलीलाही, आणि त्याच्याविरुद्ध आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. मोहोरच्या बारशाच्या पत्रिकेवर तेच छापलेले होते.